पट्टिताश्माचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय?

प्रश्न असा आला आहे: कॅनडातल्या अकास्टा पट्टिताश्माचं वय ४.०३ अब्ज वर्षं सांगतात. पण पट्टिताश्म हा रूपांतरित खडक, उष्णतेने आणि दाबाने पार बदललेला. मग हे वय मूळ खडकाचं की रूपांतरणाचं? पृथ्वीवरचं पहिलं खंडीय कवच तयार कसं झालं? आणि ते मोजक्याच ठिकाणी का उरलं?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात देता येतं. ४.०३ अब्ज वर्षांपूर्वी शिलारस थिजत होता आणि त्यात झिर्कॉनचे स्फटिक वाढत होते. हे वय त्या घटनेचं. रूपांतरण त्यानंतरचं, आणि तेही एकदाच झालेलं नाही. मात्र एवढ्यावर समाधान मानू नका. इतक्या जुन्या रूपांतरित खडकाला एकच एक वय नसतंच. त्याने चार-पाच उलथापालथी सोसलेल्या असतात आणि प्रत्येकीची तारीख वेगळ्या खनिजात, कधी एकाच दाण्याच्या वेगवेगळ्या भागांत नोंदलेली असते. म्हणून या कामात 'वय किती' याच्या आधी 'वय कशाचं' हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते. बातम्यांत नेमकं तेच गाळलं जातं.

झिर्कॉन म्हणजे झिर्कोनियमचं सिलिकेट. ग्रॅनाइटच्या जातकुळीतल्या बहुतेक खडकांत ते असतं, पण दाणा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढा. वाढताना हा स्फटिक युरेनियम सहज सामावून घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज दाण्यात जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या विघटनातून आलेलं धरता येतं. युरेनियम-२३८चा अर्धायुष्यकाल ४.४७ अब्ज वर्षं, युरेनियम-२३५चा ७०.४ कोटी वर्षं. म्हणजे एकाच दाण्यात दोन स्वतंत्र कालमापक चालू असतात. दोघांचं उत्तर जुळलं तर वय खात्रीचं. जुळलं नाही तर मधे कधीतरी शिसं निसटलं आहे हे लगेच कळतं. दुसऱ्या फारच थोड्या खनिजांत अशी घरचीच पडताळणी मिळते.

शिवाय झिर्कॉन चिवट. ९०० अंश सेल्सियसच्या आसपासही शिसं त्याच्या जाळीतून फारसं हलत नाही. आजूबाजूचं फेल्डस्पार नव्याने स्फटिकतं, पायरॉक्सिनचं हॉर्नब्लेंड होतं, अभ्रकाचे थर एका दिशेला वळतात, आणि झिर्कॉन आपली नोंद सांभाळून तसाच बसून राहतो. अपवाद आहे तो युरेनियम जास्त भरलेल्या दाण्यांचा. अब्जावधी वर्षांच्या किरणोत्सर्गाने त्यांची जाळी आतून मोडते, त्यात भेगा पडतात, पाणी शिरतं आणि शिसं बाहेर पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली असे दाणे गढूळ तपकिरी दिसतात. ते आधीच बाजूला काढायचे.

निवडलेले दाणे राळेत बसवून निम्म्यापर्यंत घासतात, झिलई करतात आणि इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरतात. तेव्हा दाणा आतून उजळतो आणि त्याची घडण दिसते. अकास्टासारख्या खडकातला नमुनेदार दाणा घ्या. मधे गाभा, त्यात एकाआड एक उजळ-काळ्या बारीक पट्ट्या, स्फटिकाच्या कडांना समांतर. या पट्ट्या शिलारसात वाढ होताना पडतात. मग अचानक एक वेडीवाकडी रेघ येते, गाभ्याच्या पट्ट्या तिथे तुटतात, आणि पलीकडे पट्ट्या नसलेली सपाट रंगाची कड सुरू होते. ही कड रूपांतरणात वाढलेली. गाभ्यात थोरियम आणि युरेनियमचं गुणोत्तर साधारण ०.३ ते ०.८ असतं, कडेत ते बहुधा ०.१च्याही खाली उतरतं. आयनांचा झोत टाकून आपण जो ठिपका मोजतो तो २०-३० मायक्रॉन रुंद. तो पूर्ण गाभ्यावर पडला तर मूळ खडकाचं वय मिळतं, पूर्ण कडेवर पडला तर रूपांतरणाचं. निम्मा इकडे निम्मा तिकडे पडला तर मधलंच काहीतरी वय येतं, आणि त्या वयाची घटना पृथ्वीवर कधी घडलेलीच नसते. जुन्या शोधनिबंधांतली कित्येक 'वयं' अशीच निघाली. दाणा न फोडता ठिपक्याठिपक्याने मोजणारी यंत्रं येईपर्यंत, म्हणजे १९८०च्या दशकापर्यंत, त्याला इलाजही नव्हता. कॅनबेराला विल्यम कॉम्पस्टन यांच्या गटाने असं यंत्र उभं केलं आणि १९८३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट नॅरियरमधून ४ अब्ज वर्षांपलीकडचे झिर्कॉन पहिल्यांदा बाहेर आले.

अकास्टाची कथाही अशीच टप्प्याटप्प्याने पुढे गेली. १९८९ साली वय ३.९६ अब्ज सांगितलं गेलं, १९९९ साली आणखी जुन्या गाभ्यांवरून ४.०३ अब्ज. त्याच काही चौरस किलोमीटरांत ४.०, ३.७, ३.६ अब्ज वर्षांचे वेगवेगळे अग्निज खडक एकमेकांत घुसलेले, चेपलेले, ताणलेले आहेत. 'अकास्टा पट्टिताश्म' हे एका खडकाचं नाव म्हणून वाचू नका. तो अख्खा एक मोहल्ला आहे.

याची उलटी बाजूही आहे, आणि तिथे लोक जास्त फसतात. शिलारस वर येताना वाटेतल्या जुन्या खडकातले झिर्कॉन उचलून आणतो. ते विरघळले नाहीत तर नव्या खडकात जुन्या वयाचे पाहुणे म्हणून राहतात. झारखंड-ओडिशातल्या सिंगभूम क्रेटॉनमधल्या (क्रेटॉन म्हणजे खंडाचा फार जुना, स्थिर गाभा) पट्टिताश्मातून ४.२४ ते ४.०३ अब्ज वर्षांचे झिर्कॉन २०१८ साली नोंदले गेले. शोध महत्त्वाचाच. पण ज्या खडकात ते मिळाले तो खडक त्यांच्याहून बराच तरुण आहे. दाण्याचं वय आणि खडकाचं वय या दोन गोष्टी आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचं तर हे टोकाचं उदाहरण: तिथला सर्वांत जुना दाणा ४.४ अब्ज वर्षांचा, आणि तो ज्या पिंडाश्मात (गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकात) सापडला तो सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वी साचलेला गाळ. मूळ खडक झिजून कधीच नाहीसा झाला.

आता थोडं प्रयोगशाळेबाहेर. माझं ठाम मत आहे की प्राचीन खडकांच्या बाबतीत नकाशा आधी आणि यंत्र नंतर. याचा सगळ्यात चांगला पुरावा नैर्ऋत्य ग्रीनलंडमध्ये आहे. १९६०च्या दशकात व्हिक मॅक्ग्रेगर न्यूकच्या आसपासच्या फ्योर्डांत नकाशे काढत होते. चोहीकडे एकसारखे करडे पट्टिताश्म. नुसतं बघून कोणता जुना, कोणता नवा हे सांगणं अशक्य. त्यांनी बेसाल्टी भित्तींचा मागोवा घेतला. भित्त म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत शिलारस घुसून थिजलेली पाटी. काही पट्टिताश्मांत या काळ्या भित्ती घुसलेल्या होत्या, काहींत अजिबात नव्हत्या. ज्यांत भित्ती आहेत ते भित्तींच्या आधीचे, ज्यांत नाहीत ते नंतर आलेले. एवढ्या साध्या तर्कावर त्यांनी दोन पिढ्या वेगळ्या केल्या. पुढे १९७१ साली ऑक्सफर्डला स्टीफन मूरबाथ यांच्या गटाने नमुने मोजले तेव्हा जुनी पिढी ३.७ अब्ज वर्षांच्या घरात निघाली. त्या काळी एवढा जुना खडक कुणी पाहिला नव्हता. नवी पिढी साधारण ३ अब्ज वर्षांची. मोजमाप होण्याआधीच क्रम बरोबर लागला होता.

या भित्ती जवळून पाहण्यासारख्या असतात. जिथे खडक कमी चेपला गेला आहे तिथे भित्त पट्टिताश्माच्या पट्ट्यांना स्पष्ट कोनात कापते. पट्ट्या आधीच्या, भित्त नंतरची, यात शंका राहत नाही. तिचाच माग धरून ताण जास्त असलेल्या भागाकडे चालत गेलात तर तो कोन कात्रीची पाती मिटावीत तसा मिटत जातो. शेवटी भित्त पट्ट्यांना समांतर होते, तुटून मण्यांच्या माळेसारखे काळे तुकडे उरतात, आणि तिला भित्त म्हणायचं धाडस होत नाही. नवख्याला वाटतं की हे गाळाचे थर आहेत. पट्टिताश्मातले पट्टे बहुतेक वेळा थर नसतातच. ग्रॅनाइटच्या शिरा, बेसाल्टचे तुकडे, खडक अर्धवट वितळून वेगळा झालेला पांढरा भाग, हे सगळं दाबाखाली सपाट होऊन एका ओळीत आलेलं असतं. म्हणून उघड्या खडकावर गेलात की आधी सगळ्यात कमी चेपलेली जागा शोधा. खोदाईचा हातोडा त्यानंतर.

दुसरा प्रश्न कवच तयार होण्याचा. खंडीय कवच सरासरी ३५-४० किलोमीटर जाड आणि हलकं, समुद्री कवच सुमारे ७ किलोमीटरचं आणि जड. समुद्री कवच पुन्हा प्रावरणात (कवचाखालच्या जाड खडकाळ थरात) जातं, म्हणून आजच्या महासागरांच्या तळाशी साधारण १८ कोटी वर्षांपेक्षा जुनं फारसं काही सापडत नाही. खंड मात्र हलकेपणामुळे वर राहतात. मग हा हलका, सिलिकायुक्त माल आला कुठून? प्रावरण वितळलं की बेसाल्ट मिळतो. त्यातून थेट ग्रॅनाइटी खडक मोठ्या प्रमाणात मिळत नाही. म्हणजे किमान दोन टप्पे हवेत: आधी प्रावरणातून बेसाल्ट, मग तो बेसाल्ट पुन्हा अंशतः वितळून त्यातून हलका शिलारस.

आर्कियन काळातल्या (४ ते २.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या) करड्या पट्टिताश्मांचा मूळ खडक बहुतांशी टोनलाइट, ट्रॉन्डजेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट या त्रिकुटातला असतो. बोलताना आम्ही त्याला टीटीजी म्हणतो. यात सोडियम भरपूर, पोटॅशियम कमी. आजच्या नेहमीच्या ग्रॅनाइटात दिसणारं गुलाबी पोटॅश फेल्डस्पार इथे थोडंच. पण खरी खूण सूक्ष्म घटकांत आहे. यटर्बियमसारखी जड विरल मृदा मूलद्रव्यं आणि यट्रियम फार कमी, स्ट्रॉन्शियम मात्र जास्त. जड विरल मृदा मूलद्रव्यं गार्नेट धरून ठेवतं, स्ट्रॉन्शियम प्लॅजिओक्लेज धरून ठेवतं. तेव्हा शिलारस वेगळा होताना मागे उरलेल्या न वितळलेल्या अवशेषात गार्नेट होतं आणि प्लॅजिओक्लेज फारसं नव्हतं. पाणीदार बेसाल्टवर, म्हणजे अँफिबोलाइटवर केलेल्या उच्चदाबाच्या प्रयोगांत ही जुळणी साधारण ८०० ते १००० अंशांना आणि ३५ किलोमीटरपेक्षा जास्त खोलीच्या दाबाला मिळते. बेसाल्टचा बहुतांश भाग न वितळता मागे राहतो. गार्नेट-पायरॉक्सिनचा हा अवशेष प्रावरणापेक्षाही जड असू शकतो आणि सुटून खाली बुडू शकतो. नाहीतर प्रत्येक घनकिलोमीटर टीटीजीखाली कित्येक घनकिलोमीटर जड अवशेष आज सापडायला हवा होता, आणि क्रेटॉनांच्या तळाशी तो तसा दिसत नाही.

यात एक अट सहज नजरेआड होते: पाणी. कोरडा बेसाल्ट त्या तापमानाला वितळत नाही. तेव्हा पृष्ठभागावर समुद्र, समुद्राच्या पाण्याने बदललेला बेसाल्ट, आणि तो बेसाल्ट खोलवर नेणारी काहीतरी व्यवस्था, तिन्ही हवीत. पाण्याचा पुरावा फार जुना आहे. प्रावरणातल्या झिर्कॉनमध्ये ऑक्सिजन-१८चं मान (जड ऑक्सिजनचं प्रमाण, ठरलेल्या मानकाशी ताडून) ५.३ प्रतिसहस्रच्या आसपास असतं. जॅक हिल्सच्या कित्येक दाण्यांत ते त्याहून स्पष्टपणे जास्त निघालं. ज्या खडकातून तो शिलारस आला त्याची पृष्ठभागाजवळ, कमी तापमानाला पाण्याशी गाठ पडली होती. २००१ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा काहींनी लगेच ४.४ अब्ज वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटी खंड रंगवले. मला ते घाईचं वाटतं. मूठभर दाण्यांवरून पाणी होतं इतकं म्हणता येतं, खंडांचा आकार काढता येत नाही. शिवाय बेसाल्टी शिलारसाच्या शेवटच्या थेंबांतही झिर्कॉन तयार होतो.

अकास्टाच्या ४.०२ अब्ज वर्षांच्या टोनलाइटी खडकानेही हाच इशारा दिला आहे. तो लोहयुक्त निघाला, टीटीजीच्या खुणा त्यात नाहीत, आणि त्याची रासायनिक घडण आइसलँडमधल्या काही खडकांशी जवळची आहे. तिथे खोलवर गार्नेटसह वितळल्याच्या खुणा ३.६ अब्ज वर्षांच्या सुमाराला दिसू लागतात. माझं वाचन असं: सुरुवातीची चाळीसेक कोटी वर्षं जाड बेसाल्टी पठारांच्या उथळ भागात थोडा थोडा सिलिकायुक्त माल तयार होत राहिला, खरी खंडनिर्मिती कवच पुरेसं जाड झाल्यावर जोराने सुरू झाली.

बेसाल्ट खाली नेण्याची व्यवस्था कोणती, यावर आजही वाद आहे. एक गट म्हणतो, आजच्यासारखा भूपट्ट दुसऱ्याखाली घुसत होता. दुसरा म्हणतो, प्रावरण तेव्हा आजच्यापेक्षा १०० ते २५० अंशांनी तापलेलं होतं, भूपट्ट असे ताठ राहिलेच नसते. जाड बेसाल्टी पठाराचा तळच वितळला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामध्ये ग्रॅनाइटी घुमट आणि त्यांच्यामधे चिमटलेले हरिताश्मांचे (रूपांतरणाने हिरवट झालेल्या जुन्या बेसाल्टी खडकांचे) पट्टे आहेत, आणि वरून पाहिलं की ही रचना दुसऱ्या गटाच्या बाजूने बोलते: जड बेसाल्ट खाली बुडाले, हलके घुमट वर आले. एका दिशेने झालेली रेटारेटी तिथे दिसत नाही.

रूपांतरित खडकांचा अभ्यासक म्हणून मी दाब-तापमानाच्या नोंदींना जास्त वजन देतो. आज जिथे भूपट्ट खाली जातो तिथे खडक खोल जाऊनही थंड राहतो आणि ग्लॉकोफेन या निळसर खनिजाचे निळे शिस्ट तयार होतात. असे खडक साधारण ७०-८० कोटी वर्षांपलीकडे जवळपास मिळत नाहीत. आर्कियनमध्ये बहुतेक नोंदी गरम बाजूच्या: अँफिबोलाइट आणि ग्रॅन्युलाइट (फार जास्त तापमानाला बनलेला कोरडा रूपांतरित खडक). सुमारे २.८ अब्ज वर्षांपासून मात्र दोन वेगळ्या वाटा दिसू लागतात, एक बरीच गरम आणि एक तुलनेने थंड. भूपट्टांची हालचाल स्थिरावत असल्याचा हा पुरावा मला सर्वांत पटतो. तरी या पुराव्यालाही छिद्र आहे. साधारण ७०० अंशांच्या वर गार्नेटमधली आधीची रासायनिक पट्टेदारी पुसली जाऊ लागते, म्हणजे खडकाने थंड वाट आधी चोखाळली असली तरी ग्रॅन्युलाइट झाल्यावर ती वाचता येत नाही. नोंद नसणं आणि घटना नसणं यात इथे फरक करावा लागतो.

ज्या खडकात झिर्कॉन नाही त्याचं काय, हेही यातच येतं. क्वेबेकमधल्या हडसन उपसागराच्या काठी नुवुआगित्तुकचा हरिताश्म पट्टा आहे. खडक बेसाल्टी, त्यामुळे झिर्कॉन जवळपास नाही. तिथे समॅरियम-१४६ वापरलं गेलं. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १० कोटी वर्षं. पृथ्वीच्या पहिल्या ५० कोटी वर्षांत ते जवळजवळ संपलं. त्यातून तयार होणाऱ्या निओडिमियम-१४२चं प्रमाण खडकात बदललेलं दिसलं तर त्या काळात काहीतरी वेगळं झालं होतं हे नक्की. २००८ साली यावरून ४.२८ अब्ज वर्षांचं वय मांडलं गेलं. आक्षेपही रास्त होता: ही खूण जुन्या मूळ मालातून वारशाने आलेली असू शकते आणि खडक स्वतः ३.८ अब्जांचा असू शकतो. २०२५ साली त्याच पट्ट्यात घुसलेल्या गॅब्रोवर (खोलवर सावकाश थिजलेल्या बेसाल्टी खडकावर) समॅरियमचे दोन्ही कालमापक, १४६ आणि सावकाश विघटन होणारं १४७, ४.१६ अब्जांवर जुळले. घुसलेला खडक ४.१६चा असेल तर ज्यात तो घुसला तो त्याहून जुनाच. मला आता तराजू जुन्या वयाकडे झुकलेला वाटतो. न्यूकच्या भित्तींचाच तर्क इथे पुन्हा कामी आला.

उरला तिसरा प्रश्न. जुने तुकडे क्रेटॉनांत उरले, आणि क्रेटॉन टिकतात ते मुख्यतः तीन गोष्टींमुळे. प्रावरणातून भरपूर शिलारस निघून गेल्यावर मागे राहिलेला खडक लोहाला आणि पाण्याला मुकलेला, म्हणून हलका आणि ताठ असतो. क्रेटॉनांखाली त्याचं मूळ २०० किलोमीटरपर्यंत, कधी त्याहून खोल गेलेलं आहे. हिरे याच मुळात तयार होतात. दुसरं म्हणजे ३ ते २.५ अब्ज वर्षांच्या दरम्यान टीटीजी स्वतःच पुन्हा वितळलं. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम ही उष्णता देणारी मूलद्रव्यं ग्रॅनाइटांबरोबर वर गेली. कर्नाटकातला २.५२ अब्ज वर्षांचा, उत्तर-दक्षिण पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाइट याच पर्वातला. आणि तिसरं, खालचं कवच त्यामुळे कोरडं ग्रॅन्युलाइट होऊन घट्ट झालं. धारवाड क्रेटॉन उत्तरेकडे कललेला असल्याने हे सगळं जमिनीवर चालत पाहता येतं: उत्तरेला कमी तापमानाचे हिरवे शिस्ट, दक्षिणेकडे सरकाल तसे अँफिबोलाइट आणि शेवटी चार्नोकाइट, म्हणजे एके काळच्या कवचाचा खोल भाग.

ज्या तुकड्यांखाली असं मूळ तयार झालं नाही ते प्रावरणात परत गेले. त्यामुळे आपल्या हाती आहे तो नमुना मुळातच निवडलेला आहे: जे टिकण्याजोगं होतं तेवढंच टिकलं. सुरुवातीचं कवच किती होतं यावरचा वाद यातूनच येतो. रिचर्ड आर्मस्ट्राँग यांनी १९८१ साली मांडलं की खंडांचं एकूण आकारमान सुरुवातीपासून जवळपास आजच्याएवढंच असावं, जितकं नवं तयार झालं तितकं जुनं परत गेलं. मूरबाथ यांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या मते खंड टप्प्याटप्प्याने वाढत आले. झिर्कॉनमधल्या हॅफ्नियम आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर आधारलेले अलीकडचे अंदाज ३ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत आजच्या सुमारे दोन तृतीयांश कवच तयार झालेलं होतं असं सांगतात. त्यातलं बहुतेक आज त्या रूपात नाही. ३.६ अब्ज वर्षांपलीकडचे उघडे खडक शोधायचे तर ग्रीनलंड, कॅनडा, अंटार्क्टिका, चीनमधलं अनशान, आफ्रिकेचा दक्षिण भाग, पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या जागा उरतात, आणि त्यांतही कित्येक ठिकाणी तो तुकडा पायी एका दिवसात ओलांडता येतो.